एका फळीची पेटी: चारही कोपऱ्यांवरून न तुटता फिरणारी लाकडाची नक्षी

करवत हातात घेण्याआधी फळीवर ओलं फडकं फिरवा. खरखरीत कोरड्या फळीवर काहीच कळत नाही. पाणी लागलं की पॉलिश झाल्यावर ती कशी दिसेल ते दोन मिनिटं दिसतं, मग वाळतं आणि जातं. त्या दोन मिनिटांत फळी बघायची असते.

माझ्या पहिल्या चार-पाच पेट्या मी हे न करताच केल्या. सांधे बरे जमले, चकाकीही आली, पण बघणाऱ्याची नजर कुठे ठरायची नाही. पुढच्या बाजूला रेषा सरळ, बाजूच्या फळीवर भलतीच वळणं, झाकणाच्या कोपऱ्यात एक गाठ. लाकूड उत्तम होतं. मीच त्याचे तुकडे करून हाताला येईल तो तुकडा लागेल तिथे लावला होता.

या पेटीच्या चारही बाजू एका फळीतून करायच्या आहेत. समोरची रेषा कोपऱ्यावरून वळून बाजूला जाईल, तिथून मागे, आणि फिरून पुन्हा समोर येईल. बाहेरून माप ८ इंच लांब, ५ इंच रुंद, सव्वातीन इंच उंच. पुढे मी सूत हे माप वापरतो, कारण आमच्याकडचे सुतार त्यातच बोलतात: ८ सूत म्हणजे १ इंच.

लाकूड

नवशिक्याने सागवानच घ्यावं. रंध्याला वश होतं, हलतं कमी, आणि रेषा ठळक असतात. सागाची फळी ओंडक्यातून कशी काढली यावर तिची नक्षी ठरते. ओंडक्याच्या कडेकडून सपाट चिरलेल्या फळीवर एकात एक बसलेले डोंगर दिसतात. गाभ्याकडे तोंड करून चिरलेल्या फळीवर सरळ, जवळजवळ समांतर रेषा येतात. पेटीच्या बाजूंना मला सरळ किंवा किंचित तिरक्या रेषा आवडतात आणि झाकणाला डोंगर. चारही बाजूंना डोंगर लावले तर पेटी गजबजते, अर्थात हे माझं मत झालं.

शिसव सुंदर, जांभळट तपकिरीवर काळे पट्टे, पण महाग. तिचा भुसा नाकाला आणि कातडीला त्रास देतो, त्यामुळे तोंडाला मास्क हवाच. ऐनाच्या काळपट लाटा कुणाला फारशा माहीत नाहीत, पण मोठ्या देखण्या असतात. मात्र हे लाकूड कडक, वाळताना चिरा पडणारं, आणि तंतू एकदा इकडे एकदा तिकडे वळलेले, त्यामुळे रंधा ओरबाडतो. फणस ताजा चिरला की हळदीसारखा पिवळा असतो, उजेडात राहून वर्षा-दोन वर्षांत मधासारखा तपकिरी होतो. हेदू पिवळसर आणि एकसारखा, नक्षी नसल्यातच जमा. पण आतल्या किनारीला त्याच्याइतकं छान लाकूड नाही.

इथे बेळगावच्या वखारीत ही नावं घेतलीत तर कधी कधी मालक नुसताच बघत राहतो. यादी कन्नडमध्ये असते. शिसव म्हणजे बीटे, ऐन म्हणजे मत्ती, बिबळा म्हणजे होन्ने, फणस म्हणजे हलसु. सागाला सागुवानी म्हटलं की काम भागतं. दोन्हीकडची नावं पाठ असलेली बरी. निदान मत्ती मागायला जाऊन भलतंच घेऊन येत नाही.

लाकूड परवाना असलेल्या वखारीतूनच घ्या आणि पावती जपून ठेवा. साग किंवा शिसव स्वतःच्या शेतात उभी असली तरी कर्नाटकात ती वन खात्याच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही. १९७६ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. खानापूरच्या कुणा पाहुण्याने ‘आमच्यातला एक सागाचा ओंडका नेतोस काय’ म्हटलं तर आधी कागद विचारा, मग चहा घ्या.

माझं आवडतं लाकूड मात्र जुनं. आमच्या वडगावात आणि शहापुरात एके काळी घरोघरी हातमाग होते. माग निघाले, त्यांचे सागाचे खांब माळ्यावर गेले आणि बरेचसे चुलीत. आजोबांच्या मागाचा एक खांब असाच गोठ्याच्या आढ्यात अडकून राहिला होता. वरून काळा, तेलकट, धुरकटलेला. दोन सूत रंधून काढला तर आत मधाचा रंग आणि केसासारख्या बारीक काळ्या रेषा. पन्नास वर्षं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही. फक्त जुन्या लाकडावर रंधा लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. आत मोडलेला खिळा असतोच, आणि तो रंध्याच्या पात्यालाच सापडतो.

सालीकडचं पांढरं लाकूड टाळा. सागाच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही, त्या पांढऱ्याला लागते. पेटीखाली पिठासारखी भुकटी पडायला लागली की समजायचं.

वाळलंय का?

नव्या फळीला हवेत वाळायला इंचाच्या जाडीमागे सुमारे एक वर्ष धरतात. फळ्या जमिनीपासून उचलून, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून सावलीत रचायच्या. मी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तुकडा ठेवतो आणि दर रविवारी वजन फळीवरच पेन्सिलीने लिहितो. तीन-चार आठवडे आकडा हलला नाही की काम सुरू.

आपल्या भागात याला जास्तच महत्त्व आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन हवा आहेत. मलप्रभा उगवते त्या कणकुंबीकडे जूनपासून भिंतींना बुरशी येते, आणि अथणीकडे उन्हाळ्यात दाराच्या फटीतून बोट जातं. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. साडेचार इंच रुंद सागाची फळी पावसाळा ते उन्हाळा सुमारे १ मिलिमीटर आत-बाहेर होते. ऐकायला एवढंसंच.

धाकट्या बहिणीला मी जुलैत पेटी करून दिली होती. झाकणाची फळी चारही बाजूंनी फेविकॉल भरून घट्ट बसवलेली, मनात म्हटलं आता हलतेय कशाला. ती नांदते अथणीला. मार्चमध्ये तिचा फोन: ‘दादा, रात्री टाच्चकन आवाज झाला, मला वाटलं पाल पडली.’ झाकण मधोमध या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरलं होतं. फळीला आकसायचं होतं आणि मी चारही कडांनी तिला धरून ठेवलं होतं.

म्हणून चिकटवायचं काम दिवाळीनंतर काढा. पावसाळ्यात करावंच लागलं तर कसं, ते झाकणाच्या वेळी सांगतो.

हत्यारं

रंधा, बारीक दातांची करवत, अर्ध्या इंची पटाशी, काटकोन बघायला गुण्या, कडेपासून सारख्या अंतरावर रेघ मारायला मार्किंग गेज, टोकदार चाकू, खाच पाडायचा रंधा किंवा त्याच कामाचं छोटं यंत्र, ट्रिमर, आणि रुंद चिकटपट्टी. क्लँप नसले तरी चालतं. सागात वाळूसारखी सिलिका असते, पात्याची धार लवकर जाते, त्यामुळे धारेचा दगड हाताशी ठेवा. बोथट रंधा सगळ्यात आधी नक्षी बिघडवतो. तंतू कापण्याऐवजी उपटतो, आणि तो खड्डा पॉलिशमध्ये काळा ठिपका होऊन दिसतो.

फळीतली जागा निवडणं

बाजूंसाठी लागणारा तुकडा, मोठ्या फळीतून निवडून कापायचा: लांबी १५ इंच, रुंदी साडेतीन इंच, जाडी पूर्ण १ इंच.

एका जाड पुठ्ठ्यात १३ इंच बाय सव्वातीन इंच खिडकी कापा. ओल्या फडक्याने फळी पुसली की ही खिडकी तिच्यावरून सरकवत न्या. खिडकीबाहेरचं झाकलं जातं आणि आतलं तेवढं पेटीसारखं दिसतं. इंचभर खाली-वर केलं तरी चित्र बदलतं. मी रेषा पायाकडे दाट आणि वर विरळ जाईल अशी जागा शोधतो, पेटी जमिनीवर नीट बसल्यासारखी वाटते. रेषा फळीच्या कडेला तिरक्या धावत असतील तर फळीच तिरकी आखून घ्या. चार इंच लाकूड वाया जाईल, जाऊ दे.

या कामाला मी अर्धा तास देतो. बायको म्हणते, लग्नाला मुलगी बघताना एवढा वेळ घेतला नव्हतास.

फळी उभी चिरणं

आता खरी युक्ती. एका सलग फळीतून चार तुकडे ओळीने कापले तर तीन कोपऱ्यांवर रेषा जुळतात. चौथ्या कोपऱ्यावर फळीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक भेटतात, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. चारही कोपरे जुळवायचे तर फळी जाडीतून उभी चिरून तिच्या दोन फाका करायच्या आणि पुस्तकासारख्या उघडायच्या. आतली दोन पानं एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात.

मिलमध्ये बँडसॉवर हे पाच मिनिटांचं काम आहे. ८ सुतांतलं सुमारे १ सूत पात्यात जातं, साडेतीन-साडेतीन सुतांच्या दोन फाका मिळतात. त्या लगेच रंधू नका. आतलं लाकूड पहिल्यांदाच हवा बघतंय, थोडा बाक येणारच. पट्ट्या घालून आठवडाभर ठेवा, मग रंधून बरोबर ३ सुतांवर आणा. आतल्या पानावरून कमीत कमी काढा. जितकं रंधाल तितकी दोन पानांची जुळणी ढळते.

चिरण्याआधी फळीच्या एका टोकाला फुली आणि दुसऱ्या टोकाला गोल काढा, वरच्या कडेला सलग रेघ मारा. चिरल्यावर दोन्ही फाकांवर या खुणा असल्या पाहिजेत. दोन्ही फाका एकाच जागी कापून १३ इंच आणि करवतीच्या कापापुरत्या थोड्या जास्त ठेवा, खुणा गेल्या तर त्याच टोकांना परत काढा. मग असं कापायचं:

पहिली फाक, आतलं पान वर. फुलीच्या टोकापासून ८ इंच ही पुढची बाजू. उरलेला ५ इंचाचा तुकडा, गोलाच्या टोकाचा, ही उजवी बाजू.

दुसरी फाक, आतलं पान वर, रेघेची कड तशीच वर. आता गोल डावीकडे आलेला दिसेल. गोलाच्या टोकापासून ८ इंच ही मागची बाजू. उरलेला ५ इंचाचा, फुलीचा तुकडा ही डावी बाजू.

चारही ओळीने मांडून बघा. उजव्या बाजूचा गोल मागच्या बाजूच्या गोलाला भिडतो, डाव्या बाजूची फुली पुढच्या बाजूच्या फुलीला. कागदाच्या पट्टीवर हे एकदा करून बघितल्याशिवाय फळीला करवत लावू नका. मी दुसरी फाक एकदा फुलीकडून कापली होती, आणि ते लाकूड परत लांब होत नाही.

खाच आधी, कोपरे नंतर

वरचे चार तुकडे करण्याआधी, फाका अखंड असतानाच पेटीच्या आत येणाऱ्या अंगाला दोन खाचा पाडा. फळीचं आतलं पान पेटीच्या बाहेर येतं, खाचा त्याच्या उलट बाजूला. वरच्या कडेपासून २ सूत खाली झाकणाच्या फळीसाठी, रुंदी दीड सूत, खोली दीड सूत. खालच्या कडेपासून २ सूत वर तळासाठी, ४ मिलिमीटर प्लायवुड जेमतेम बसेल एवढी, खोली तीच दीड सूत. लहान तुकड्यांवर खाच पाडताना बोटं पात्याजवळ येतात, म्हणून हे काम आत्ताच.

कोपरे ४५ अंशांचे. दातात दात अडकवलेल्या डोव्हटेल सांध्याची कारागिरी मोठी, पण त्यात दर कोपऱ्यावर टोकाचं लाकूड बाहेर दिसतं आणि नक्षी तिथेच तुटते. या पेटीत सांधा दिसायला नको. ४५ चा काप दोन्ही बाजूंनी बाहेरच्या रेषेवर भेटेल असा घ्या. आतल्या बाजूने तिकोनी चिपळी निघते आणि बाहेरून फक्त पात्याएवढं लाकूड जातं. रेषा जुळते ती त्यामुळे.

करवतीचा काप कितीही नीट असला तरी शेवटचा हात रंध्याचा. जाड प्लायवर ४५ अंशांचा एक ठोकळा ठोकून घ्या, तुकडा त्याला टेकवा आणि रंधा आडवा पाडून कागदासारखे पापुद्रे काढा. समोरासमोरच्या दोन बाजू एकत्र उभ्या धरून टोकावरून बोट फिरवा. नखाला पायरी लागली नाही पाहिजे. कोन अर्धा अंश चुकला तर एक वेळ झाकता येतं, समोरासमोरच्या लांब्या चुकल्या तर चौथा कोपरा मिटतच नाही.

झाकण आणि तळ

झाकणाची फळी आणि तळाचं प्लाय दोन्ही साडेसात इंच बाय साडेचार इंच. झाकणाला ३ सूत जाड, डोंगरांची नक्षी असलेली वेगळी फळी, रेषा लांबीच्या दिशेने. चारही कडांना वरून पायरी पाडून दीड सुताची जीभ ठेवा, ती खाचेत सरकते. रुंदीत दोन्हीकडे अर्धा-अर्धा सूत मोकळा राहतो, तोच श्वास. उन्हाळ्यात करत असाल तर हा मोकळेपणा पुरता ठेवा, कारण फळी पुढे फुगणार आहे. पावसाळ्यात ती आधीच फुगलेली असते, तेव्हा किंचित घट्ट बसवा, नाहीतर मार्चमध्ये फट दिसेल. ऐन वापरलात तर जागा थोडी जास्त.

या फळीला फेविकॉल नाही. फार तर दोन्ही आखूड कडांच्या बरोबर मध्यावर एकेक थेंब. प्लाय हलत नाही, त्याला खुशाल लावा.

चिकटवण्याआधी आतली बाजू घासून तिला पॉलिशचा एक हात द्या, आणि झाकणाच्या फळीला सगळीकडून. पुढे ती थोडी आकसली तर कडेला कोरी रेघ दिसत नाही.

चिकटवणं

सागात नैसर्गिक तेल असतं. फेविकॉल लावण्याच्या अगदी आधी सांध्याचे काप थिनरच्या फडक्याने पुसा. चारही बाजू बाहेरचं अंग वर करून पट्टीला टेकवून ओळीने मांडा आणि सांध्यांवर रुंद चिकटपट्टी ताणून लावा. सगळं उलटं करा. आता तीन सांधे व्ही आकारात उघडे दिसतात. टोकाचं लाकूड स्पंजासारखं पितं, म्हणून आधी थोडा पातळ केलेला फेविकॉल लावून पाच मिनिटं थांबा, मग नेहमीचा. तळ आणि झाकण खाचेत ठेवा, आणि घावन गुंडाळावं तशी पेटी गुंडाळून शेवटचा कोपरा चिकटपट्टीने बंद करा. दोन्ही कर्ण मोजा. फरक असेल तर लांब कर्णाचे कोपरे हाताने दाबा. एक दिवस हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी हातात येतो तो सगळीकडून बंद ठोकळा.

कोपऱ्यांना बळ हवं, ४५ चा सांधा नुसत्या फेविकॉलवर फार दिवस भरवशाचा नाही. प्रत्येक कोपऱ्यावर करवतीने दोन तिरक्या चिरा पाडा आणि त्यात शिसवीच्या पातळ चकत्या चिकटवा, तंतू सांध्याला आडवे जातील अशा. तंतू सांध्याच्या रेषेतच धावत असतील तर चकती तिथेच मोडेल. वाळल्यावर पटाशीने कोपऱ्याकडून आत कापत सपाट करा. बाहेरच्या दिशेने कापलंत तर टवका उडतो.

झाकण सोडवणं

वरच्या कडेपासून १ इंच खाली गेजने चारही बाजूंनी खोल रेघ मारा. चकत्या या रेघेवर येऊ नयेत, हे आधीच बघून ठेवायचं. पेटी फिरवत फिरवत चारही बाजूंनी थोडं थोडं कापत जा. एका बाजूने आरपार गेलात तर करवत भरकटते. शेवटचा अर्धा सूत चाकूने. सपाट काचेवर पॉलिशपेपर चिकटवून त्यावर दोन्ही अर्धे घासा. समोरची रेषा पेटीवरून झाकणावर तशीच चढलेली दिसली की सगळ्या कटकटीचं चीज होतं.

बिजागरी लावू नका, असं माझं म्हणणं. पितळेची असली तरी मागची बाजू फोडते. त्याऐवजी आतून हेदूच्या दीड सूत जाड पट्ट्या बसवा, पेटीच्या कडेपेक्षा २ सूत उंच. झाकण त्यावर फसतं. वरची धार किंचित गोल केली की उघडताना आत हवा ओढल्याचा बारीक आवाज येतो.

पॉलिश

घासायला १२०, १८०, २२०, मग ३२० नंबरचा पेपर, नेहमी रेषेच्या दिशेने. प्रत्येक नंबरनंतर भुसा पुसा आणि उजेड आडवा पडेल असं धरून बघा.

उकळलेल्या जवसाच्या तेलाचा एक पातळ हात नक्षी खोल करतो. तेल लावून पंधरा मिनिटांनी पुसून टाका आणि आठवडाभर वाळू द्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात फेकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.

मग लाखेचं पॉलिश. चपडा लाख १२५ ग्रॅम, पॉलिशचं स्पिरिट १ लिटर, काचेच्या बरणीत रात्रभर. दुसऱ्या दिवशी सुती कापडातून गाळायचं. कापसाचा बोळा मलमलीत बांधून बुडवा, पिळा आणि झरझर एका दिशेने ओढत जा. पुसलेल्या जागी लगेच परत जाऊ नका, खालचा थर विरघळून चिकटतो. सहा ते आठ पातळ हात, दर दोन हातांनंतर ३२० चा पेपर अगदी हलका. खिडक्या उघड्या आणि जवळपास आग नको.

हे काम कोरड्या दिवशीच. पावसाळी हवेत लाखेवर दुधासारखी पांढरी झाक येते. आलीच तर कोरड्या दिवशी नुसत्या स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवा, बहुतेक वेळा जाते. वार्निशचा जाड थर मी देत नाही. त्याखाली लाकूड काचेमागे ठेवल्यासारखं दिसतं.

तळाला मखमल लावायची पद्धत आहे. मी आईच्या जुन्या चोळीचा खण लावतो, गुळेदगुड्डचा, गर्द हिरवा, लाल काठाचा. पुठ्ठ्यावर ताणून मागे चिकटवायचा आणि पुठ्ठा आत दाबून बसवायचा, म्हणजे पुढे कधी बदलता येतो. मागाच्या खांबाची पेटी झाली तेव्हा आत ठेवायला आमच्याकडे एकच वस्तू होती, आजोबांचा धोटा, मागावर आडवा धागा नेणारा. तो नऊ इंच निघाला. पुढची पेटी ११ इंचांची आखली आहे.